गच्चीवर हिरवा थर: आधी पाण्याची वाट, मग माती

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकला की वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि तीच उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो. त्यावर चार इंच माती आणि दाट झाडोरा असला तर ऊन काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. रोजचं प्रसरण-आकुंचन कमी झाल्याने स्लॅबला तडेही कमी जातात. पावसाचं काही पाणी माती धरते, उरलेलं गटारात सावकाश उतरतं. कृष्णेचा पूर मात्र याने अडत नाही. उलट पूरपट्ट्यातल्या घरांनी निम्मी गच्ची मोकळीच ठेवावी. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर खालचं सामान ठेवायला तीच जागा असते.

सुरुवात स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवून करा. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो आणि त्यातच माणसंही आली. काळी किंवा नदीकाठची मळीची माती भिजली की चार इंचांच्या थराचं वजन एका चौरस मीटरला १८० किलोच्या घरात जातं. शिवाय काळी माती फुगते, आवळते, पाणी सोडत नाही. म्हणून शेतातल्या मातीची ट्रॉली गच्चीवर चढवू नका.

मिश्रण असं करा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ भाग, पूर्ण कुजलेलं खत ३, विटांचे बारीक तुकडे २, तांबडी माती १. भिजून हे चौरस मीटरला ११० किलोच्या आसपास राहतं. २०० चौरस फुटांना दोन घनमीटर लागेल. त्यात पाच किलोच्या कोकोपीटच्या १२ विटा जातात. साताऱ्यात पाऊस बराच जास्त, तिथे कोकोपीट आणि विटांचे तुकडे तीन-तीन भाग घ्या. खताबाबत घाई नको. साखर कारखान्याची ताजी प्रेसमड (रस गाळून उरलेला चोथा) तापते आणि मुळं करपवते. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, उसाला लागते तीच, आणि महिन्याभरात झाडं मुळाशी सैल होतात.

थरांचं काम मार्च ते मेमध्ये उरका. आधी वॉटरप्रूफिंग, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, आणि लेप मातीच्या पातळीपेक्षा किमान सहा इंच वर चढवलेला. मग पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास तुंबवा आणि खालच्या खोलीचं छत रोज पाहा. ही परीक्षा टाळू नका. माती पडल्यावर गळती शोधायची तर सगळा थर उपसावा लागतो, आणि पाणी जिथे टपकतं तिथेच ते मुरलेलं असतं असंही नाही. गळती बहुतेक वेळा पाइप आणि स्लॅबच्या सांध्यातूनच निघते.

छत कोरडं राहिलं की मुळं अडवणारा जाड एचडीपीई (प्लास्टिकचा) कागद अंथरा, जोडाला एक कागद दुसऱ्यावर फूटभर चढवून. त्यावर २० मिलिमीटरचे ड्रेन सेल (पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या), त्यावर १५० जीएसएमचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड. कापडाच्या कडा मातीच्या उंचीपर्यंत वर वळवा, नाहीतर बारीक माती वाहून पाइप बुजवते. पॅरापेटलगत (गच्चीच्या कठड्यालगत) आणि प्रत्येक पाइपाभोवती एक फूट पट्टा फक्त खडीचा. पाइपाच्या जाळीपर्यंत हात पोचला पाहिजे.

लागवड पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर. चिनी गुलाब, पर्पल हार्ट, पानओवा, कोरफड इथल्या उन्हाला टिकतात. काड्या, कोरफडीची मात्र पिल्लं, वीत-वीत अंतरावर खोचा. गवती चहा हवा असेल तर तेवढ्या वाफ्यात थर सहा इंच करा, तोही इंजिनिअरला विचारून. विदेशी गच्च्यांच्या चित्रांतलं सेडम (मांसल पानांचं बुटकं झाड) आणू नका, आपल्या पावसाळ्यात ते सडतं.

उन्हाळ्यात चौरस मीटरला दोन-तीन लिटर पाणी, एक दिवसाआड, संध्याकाळी. द्राक्षबागेला लागते तीच १६ मिलिमीटरची इनलाइन ठिबक नळी इथल्या कोणत्याही शेती दुकानात मिळते. पाचटाचं आच्छादन घालायचं तर बारीक कापून आणि ओलं करून. लांब पात्या वाऱ्याने उडून थेट जाळीवर बसतात.

मेअखेर सगळ्या जाळ्या साफ करा, पावसाळ्यात दर आठवड्याला. त्याच फेरीत वड, पिंपळ, उंबराची रोपं शोधा; पाखरांच्या विष्ठेतून ती येतातच. दोन पानांवर असतानाच मुळासकट उपटा. वरून खुडलं तर खालून पुन्हा फुटतं, आणि तोवर मूळ सांध्यात शिरलेलं असतं.