गावातली जुनी माणसं बोलती करताना

लहानाची मोठी वाईतच झाले, तरी गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी टिपायला निघाले तेव्हा पहिली मुलाखत साफ फसली. ज्या काकांकडे गेले त्यांची उमेदीची सगळी वर्षं एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात गेली होती. मोबाइल पुढ्यात ठेवून मी म्हणाले, "काका, वाईचा इतिहास सांगा ना." ते सावरून बसले आणि थेट अफजलखानापासून सुरू झाले. मग रास्ते सरदार, १७६२ मधलं ढोल्या गणपतीचं देऊळ, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा. एकही गोष्ट चुकीची नव्हती, पण त्यात काका कुठेच नव्हते. वर पंख्याच्या घरघरीत निम्मं ऐकूही येईना.

दुसऱ्या खेपेला पंखा बंद केला, मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला आणि विचारलं, "'क'चे खिळे कुठल्या खणात असायचे?"

काकांचा उजवा हात आपसूक उचलला गेला. समोर केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, मांडलेली असावी तशी बोटं हवेत फिरू लागली. कुठलं अक्षर हाताशी, कुठलं लांब, जोडाक्षरांना किती वेळ लागायचा, दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्र कशी उलटून जायची. दीड तास ते थांबले नाहीत. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोश यांमुळे वाईचं नाव विद्वानांचं गाव म्हणून झालं. पण लिहिलेलं एकेक अक्षर चिमटीत धरून जुळवणाऱ्यांबद्दल मी तोवर काहीच वाचलं नव्हतं.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की इतिहास विचारू नका, हातातलं काम विचारा. ज्यांच्या घरी वाडा आणि जुन्या कागदांचं दप्तर आहे त्यांचा इतिहास कागदावर थोडाफार तरी असतो. हळदीच्या आडतीवर हमाली केलेल्या माणसाचा किंवा घरोघरी पोळ्या लाटून मुलं शिकवलेल्या आजींचा तो फक्त त्यांच्यापाशी असतो. मी आता आधी त्यांच्याकडे जाते. ऐंशीच्या पुढची माणसं आहेत, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

सालं फार थोड्यांना आठवतात. "कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?" असं विचारलं की मात्र धागा लागतो. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आमच्याकडची म्हातारी माणसं विसरलेली नाहीत. बहात्तरचा दुष्काळही तसाच उपयोगी पडतो. आजी मंडळी तर घरातल्या बाळंतपणांवरून आणि घाटावरच्या कृष्णाबाईच्या उत्सवावरून हिशेब लावतात, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो.

अठ्ठेचाळीसचा विषय निघाला की आवाज खाली येतो. गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ती आठवण सांगताना कुणी अडखळलं, तर मी रेकॉर्डिंग थांबवते आणि पुढे जायचं का ते विचारते. नको म्हणाले, तर तेवढा भाग त्यांच्यासमोरच पुसते. सुरुवातीला संमतीच्या कागदावर सही घेतली असली तरी तेव्हा पुन्हा विचारायलाच हवं.

माळ्यावरची जुन्या कागदांची गाठोडी कुणी टाकायला काढली तर तिथेच थांबवा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यातले कागद वाईतच सापडले होते. मूळ कागद घराबाहेर नेऊ नका, खिडकीपाशी उजेडात फोटो काढा. जुन्या कागदांची मोडी लिपी येत नसेल तर शिकून घ्या, राज्याचा पुराभिलेख विभाग त्याचे वर्ग घेतो. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि फाइलला नाव, आळी, तारीख त्याच दिवशी द्या.

आणि टिपलेलं परत नेऊन द्या. आमच्याकडे शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, ते व्हावेतच. पण आपलं बोलणं छापील पानावर बघताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी काकांच्या घरी पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन मागवलं आणि प्रूफ तपासावं तसं ओळ न् ओळ वाचत गेले. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक अनुस्वार दिला. मग समासात काकपद, म्हणजे राहिलेला मजकूर घालायची खूण, करून, शेजारच्या केसवर बावीस वर्षं उभ्या राहिलेल्या सोबत्याचं नाव लिहिलं आणि पान माझ्याकडे सरकवलं. "हे राहिलं होतं बघ," म्हणाले.