टेपवर बॅकअप असा लावा की रिस्टोअरला रात्र जागायला लागू नये

बॅकअप किती वेळात झाला हे सगळे बघतात, रिस्टोअरला, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढायला, किती लागेल हे मात्र गरज पडल्यावरच कळतं. एका ऑफिसात अकाउंट्सचं एक फोल्डर परत हवं होतं, फक्त 40 जीबी, आणि ते निघालं 7 टेपांवर, कारण रोज रात्री ड्राइव्हमध्ये जी टेप असेल तिच्यावर सगळ्या सर्व्हरचा डेटा ओतला जायचा. टेप घाला, शोधा, काढा, पुढची घाला, अख्खा दिवस त्यातच गेला आणि अकाउंट्सवाले बिचारे दर अर्ध्या तासाने विचारायला येत होते.

टेप म्हणजे डिस्क नाही. एलटीओ-9 ची (एलटीओ हा बॅकअप टेपचा प्रकार, 9 ही त्याची पिढी) एक टेप 18 टीबीची, एक किलोमीटरहून लांब, सलग वाचली तर सेकंदाला 400 एमबीपर्यंत देते, पण टेप चढवून हव्या त्या जागी जायलाच मिनिट-दीड मिनिट जातं, त्यामुळे डेटा जितका विखुरलेला तितका वेळ फिरवाफिरवीतच जाणार.

म्हणून आधी ठरवा की काय काय एकत्र परत लागेल, आणि तेच एका टेपवर ठेवा. आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्ट (आधीचं नाव स्पेक्ट्रम प्रोटेक्ट) या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये याला कोलोकेशन म्हणतात, बॅक्युला किंवा नेटबॅकअपमध्ये वेगळे पूल, म्हणजे टेपांचे गट, करून बरंचसं साधतं. पण प्रत्येक छोट्या सर्व्हरला स्वतंत्र टेप देऊ नका, सगळ्या अर्धवट रिकाम्या राहतात. ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस आणि फाइल सर्व्हर असा एक ग्रुप केला तर जमतं.

मल्टिप्लेक्सिंग जपून वापरा. त्यात चार सर्व्हरचे तुकडे एकाआड एक लिहिले जातात, ड्राइव्ह डेटाची वाट बघत उपाशी राहत नाही हे खरं, पण एकाचाच डेटा हवा असला तरी बाकी तिघांचे तुकडे ओलांडत जायला लागतं. त्यापेक्षा आधी डिस्कवर जमा करा आणि मग तिथून एकेकाचा डेटा सलग टेपवर सोडा, मला तरी हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

रोज फक्त इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच) घेत महिनाभर चाललात तर रिस्टोअरला फुलपासून, म्हणजे सगळ्या डेटाच्या पूर्ण बॅकअपपासून, पुढच्या सगळ्या लागणार. डिफरन्शियलमध्ये (शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं) फुल आणि शेवटची डिफरन्शियल, दोनच. लाखो बारीक फायली असतील तर टार करा, म्हणजे त्या एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधा, पण 2 टीबीचा एकच टार नको, एका फाइलसाठी सगळा चाळत बसाल, प्रोजेक्टवार तुकडे करा.

कॅटलॉगची, म्हणजे कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे त्या यादीची, कॉपी दुसऱ्या मशीनवर हवीच हवी. तो गेला तर टेप पहिल्यापासून स्कॅन करायची, आणि भरलेली एलटीओ-9 पूर्ण स्पीडने वाचली तरी साडेबारा तास.

रिस्टोअर लावताना फायली नावाच्या क्रमाने मागू नका, टेपवरच्या जागेच्या क्रमाने मागा. आणि नवीन ड्राइव्ह घ्यायच्या आधी कपाटातल्या जुन्या टेपा तपासा, एलटीओ-9 चा ड्राइव्ह एलटीओ-8 वाचतो, एलटीओ-7 नाही.