छोट्या विमानतळाभोवती नियंत्रित हवाई क्षेत्र कसे आखावे

छोट्या विमानतळावर नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायचे घाटू लागले की कोणीतरी हमखास नकाशावर कंपास टेकवतो आणि पाच मैलांचे वर्तुळ मारतो. ते वर्तुळ एका बाजूला गरजेपेक्षा मोठे निघते आणि नेमके जिथे हवे तिथे तोकडे पडते. हद्द उड्डाणमार्गांवरून काढायची असते. त्याही आधी असे नियंत्रित क्षेत्र, म्हणजे जिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची सेवा मिळते, मुळात लागते का, हे तपासायचे असते. (पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल.)

गरज आहे का?

इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या) अॅनेक्स ११ या नियमावलीनुसार हवाई वाहतूक सेवेची गरज ठरवताना वाहतुकीचे प्रकार, तिची दाटी, हवामान आणि इतर संबंधित बाबी पाहतात. विमानांत टक्कर टाळणारी एकास यंत्रणा आहे, मग सेवा कशाला, हा युक्तिवाद तिथे स्पष्टच बाद केला आहे. नुसती दाटीही फसवी असते. एकाच वेगाची वीस प्रशिक्षण विमाने सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात) आपापसांत निभावून नेतात. त्यांच्यात दिवसाला दोन टर्बोप्रॉप प्रवासी विमाने उपकरणांच्या आधारे ढगातून उतरू लागली की प्रश्न वेगळा होतो.

म्हणून निदान वर्षभराची नोंद तासागणिक मांडा: आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडणारी) किती, व्हीएफआर (नजरेने पाहून उडणारी) किती, रेडिओ नसलेली किती, ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख कळवणारे यंत्र) नसलेली किती. वर्षभराची अशासाठी की ग्लायडर, पॅराशूटच्या उड्या आणि पिकांवरची फवारणी हंगामी असते. तीन महिन्यांच्या नोंदीत त्यांतले एखादे सहज निसटते आणि सुनावणीत समोर उभे राहते.

या नोंदीवरून सौम्य उपायही पुरेसा ठरू शकतो. एअरोड्रोम ट्रॅफिक झोनसोबत (विमानतळाच्या वाहतुकीसाठी राखलेला छोटा पट्टा) केवळ उड्डाण माहिती सेवा, रेडिओ सक्तीचा पट्टा किंवा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा पट्टा हे ते पर्याय. टॉवर आहे म्हणजे कंट्रोल झोन (जमिनीपासून वर जाणारे नियंत्रित क्षेत्र) असलाच पाहिजे, असाही नियम नाही.

वर्ग कोणता?

हवाई क्षेत्राला कोणती सेवा आणि कोणते नियम, हे त्याच्या वर्गावरून ठरते. छोट्या विमानतळासाठी निवड बहुधा क्लास डी आणि क्लास सी यांतच होते. डीमध्ये सगळ्यांना परवानगी आणि दुतर्फा रेडिओ संपर्क लागतो, पण नियंत्रक आयएफआर विमानांना फक्त आयएफआर विमानांपासूनच अलग ठेवतो. व्हीएफआर विमानांबद्दल माहिती देतो आणि पाहून टाळणे वैमानिकाकडे राहते. विमान कंपन्यांच्या बैठकीत हे आधीच सांगून टाका, कारण ‘नियंत्रित’ म्हटले की सगळ्यांना सगळ्यांपासून अंतर मिळेल असे गृहीत धरले जाते. आयएफआर आणि व्हीएफआर यांच्यात अंतर हवे असेल तर सी घ्यावा लागतो. पण रडार किंवा तत्सम निगराणी नसताना छोट्या जागेत सी चालवला तर व्हीएफआर विमाने हद्दीबाहेर घिरट्या घालत बसतात. क्लास ईमध्ये व्हीएफआरला ना परवानगी लागते ना रेडिओ, त्यामुळे कंट्रोल झोनसाठी तो इकाओच्या नियमांत बसत नाही. काही देशांनी मात्र वेगळी तरतूद केली आहे.

आकार काढणे

अॅनेक्स ११ ची किमान अट अशी: ज्या दिशांनी अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे) होऊ शकतात त्या दिशांना कंट्रोल झोन विमानतळाच्या मध्यापासून किमान ५ मैल, म्हणजे ९.३ किलोमीटर, पसरलेला असावा. बाकीच्या दिशांना तो आखूड ठेवता येतो. त्यावर बसणाऱ्या कंट्रोल एरियाचा (जमिनीला न टेकणाऱ्या नियंत्रित क्षेत्राचा) तळ जमिनीपासून किमान ७०० फूट वर हवा. आयएफआर मार्ग या तळाच्या निदान ५०० फूट वर राहावा, अशी आखणीतली रूढ पद्धत आहे.

एक हिशेब करून पाहू. धावपट्टी पूर्व-पश्चिम, १,५०० मीटर लांब, समुद्रसपाटीपासून उंची ६२० फूट. अप्रोचचा उतार ३ अंश, म्हणजे मैलामागे सुमारे ३१८ फूट, आणि विमान थ्रेशोल्ड (धावपट्टीचे उतरण्याच्या बाजूचे टोक) ५० फुटांवरून ओलांडते. अंतिम टप्पा २,३०० फुटांवरून सुरू होतो. २,३०० मधून ६२० आणि ५० वजा केले की १,६३० उरतात. त्याला ३१८ ने भागले की थ्रेशोल्डपासून ५.१ मैल. त्याच्या बाहेर विमान २,३०० फुटांवर सपाट येते, म्हणून कंट्रोल एरियाचा तळ १,८०० फूट धरला. त्याच्या आत विमान खाली येऊ लागते आणि ५०० फुटांची मोकळीक संपते. तिथून पुढे जमिनीपर्यंतचा झोन हवाच.

आता कंपासवाल्या वर्तुळाची चूक दिसते. वर्तुळाचा मध्य विमानतळाच्या संदर्भबिंदूवर असतो, तर ५.१ मैल थ्रेशोल्डपासून मोजलेले. धावपट्टीची अर्धी लांबी ०.४ मैल मिळवली की ५.५ होतात. म्हणजे पाच मैलांचे वर्तुळ नेमके अंतिम टप्प्याच्या तोंडाशी अर्धा मैल कमी पडते. धावपट्टीच्या रेषेत दोन्ही टोकांना झोन लांबवा आणि उत्तर-दक्षिण बाजू तासून घ्या. त्या बाजूंना सर्किट आणि हुकलेल्या अप्रोचचे वळण सामावले की पुरे. रुंदी ठरवताना मधली रेषा नव्हे, तर प्रक्रियेचे पूर्ण संरक्षण क्षेत्र आत घ्या, होल्डिंगचेही (विमाने पाळीची वाट पाहत घिरट्या घालतात त्या जागेचेही) तसेच.

उतरणाऱ्या विमानांचे जमले की काम झाले, असे समजून बरेच प्रस्ताव इथेच थांबतात आणि उड्डाण करणारे विमान हद्दीतून खाली सांडते. प्रमाणित किमान चढ ३.३ टक्के, मैलामागे सुमारे २०० फूट. आपल्या उदाहरणात झोनची कड धावपट्टीच्या टोकापासून ५.१ मैलांवर आहे. धावपट्टीचे टोक १६ फुटांवरून ओलांडले असे धरले तर तिथे सावकाश चढणारे विमान विमानतळापेक्षा जेमतेम १,०४० फूट वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून १,६६० फुटांवर असेल. कंट्रोल एरियाचा तळ १,८०० आहे. विमान झोनमधून बाहेर पडते, तळाखालच्या अनियंत्रित पट्टीत शिरते आणि थोड्या वेळाने पुन्हा नियंत्रित क्षेत्रात चढते. नियंत्रकाने दिलेले अंतर मधल्या पट्टीत अनोळखी व्हीएफआर विमानापुढे निरुपयोगी ठरते.

तळ खाली आणून हे सुटत नाही. १,६६० खाली ५०० फूट मोकळीक ठेवायची तर तळ १,१६० वर येतो, म्हणजे विमानतळापासून अवघे ५४० फूट. ७०० फुटांची अट मोडते. दोन मार्ग उरतात. निर्गमन प्रक्रियेत जास्त चढ मागा: कडेपर्यंत २,३०० फूट गाठायचे तर ५.४ टक्के लागतात, आणि तिथे येणारी विमाने भरल्या वजनाने, उन्हाळ्यात, एक इंजिन बंद पडल्यावर काय करतील हे कंपन्यांना विचारावे लागते. नाहीतर त्या बाजूची झोनची जीभ आणखी तीन-सव्वातीन मैल लांबवा. सर्वसाधारण विमानवाहतुकीची (खासगी, प्रशिक्षण वगैरे विमानांची) फारशी ये-जा नसेल तर दुसरा मार्ग बरा.

टेकड्या विसरू नका. कंट्रोल एरियाखाली १,१५० फुटांची एखादी टेकडी असेल तर तिथे तळ किमान १,८५० लागतो आणि वरचा सगळा हिशेब पन्नास फुटांनी सरकतो. उभ्या हद्दी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत लिहा. वैमानिकाचा अल्टिमीटर (उंची दाखवणारे यंत्र) क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या दाबावर, लावलेला असतो. ‘जमिनीपासून इतके फूट’ अशी हद्द डोंगराळ भागात त्याला पाळता येत नाही. वरची हद्द थेट वरच्या नियंत्रित क्षेत्राला भिडवा. मधे तीनशे फुटांची फट राहिली तर तिथून कोणीतरी जाणारच.

शेजारी

ग्लायडर क्लब, पॅराग्लायडिंगच्या उतारजागा, हवाई रुग्णवाहिका, फवारणीवाले, ड्रोनचालक, लष्कर: या सगळ्यांना मसुदा नकाशासकट द्या आणि मते मागण्याऐवजी जीपीएस नोंदी मागा. ग्लायडर नेहमी ज्या डोंगरकडेने जातात ती कड झोनच्या कोपऱ्यात येत असेल, तर तेवढा कोपरा कापणे किंवा फोनवरून चालू-बंद होणारी क्षेत्राची पेटी लेखी करारात बांधणे सोपे पडते. व्हीएफआर विमानांसाठी आत-बाहेर जाण्याचे बिंदू ठरवा, आणि ते हवेतून एका नजरेत ओळखू यावेत: धरणाची भिंत, रेल्वेपूल, मोठा चौक. दोन बिंदूंमधला मार्ग अंतिम अप्रोचच्या रेषेला छेदत नाही ना, हे कागदावर ओढून पाहा.

चालवता येईल का?

झोनच्या कडेला, सर्वांत खालच्या वापरातल्या उंचीवर टॉवरचा रेडिओ ऐकू येतो का, हे प्रत्यक्ष उडून तपासा. टेकडीआड तो बहुधा गप्प होतो. नियमित हवामान निरीक्षण लागते, कारण व्हीएफआर विमानाला झोनमध्ये उतरायला-उडायला १,५०० फुटांचा सीलिंग (ढगांच्या थराचा तळ) आणि ५ किलोमीटर दृश्यमानता हवी. त्याखाली विशेष व्हीएफआर परवानगी, तीही जमिनीवरची दृश्यमानता १,५०० मीटरखाली गेली नसेल तरच. शेजारच्या अप्रोच केंद्राशी थेट दूरध्वनी, त्यांच्याशी लेखी करार आणि संभाषणाचे किमान ३० दिवस जपलेले रेकॉर्डिंग हेही हवे. पाळ्या भरण्याइतके परवानाधारक नियंत्रक नसतील तर झोन ठरावीक तासांचा ठेवा. टॉवर बंद झाल्यावर त्या क्षेत्राचा वर्ग कोणता होतो, हे स्पष्ट छापा. ते राहून गेले तर संध्याकाळी उशिरा आलेल्या विमानाला कोणाशी बोलायचे तेच कळत नाही.

प्रकाशन

सुरक्षा मूल्यांकन आणि नियामकाची मान्यता झाली की हद्दीचे बिंदू डब्ल्यूजीएस-८४ या अक्षांश-रेखांशांच्या जागतिक प्रणालीत द्या. जुन्या सर्वेक्षणाच्या आधारावरचे आकडे तसेच टाकले तर सगळा झोन शेकडो मीटर सरकू शकतो. ‘नदीच्या काठाने’ अशी हद्द नको. संगणकाला ती काढता येत नाही आणि नदी पात्र बदलते. कंसाकृती कडेसाठी मध्य, त्रिज्या आणि घड्याळाच्या काट्याची दिशा तिन्ही लिहा. दिशा उलटी पडली तर झोन आतबाहेर होतो. शेजारच्या क्षेत्राशी सामायिक कड असेल तर तेच बिंदू अक्षरशः उचला, नाहीतर मधे चिंचोळी फट राहते.

एआयपीमध्ये (देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तकात) कंट्रोल झोन एडी २.१७ या विमानतळ विभागातल्या कलमात जातो. अंमलाची तारीख २८ दिवसांच्या एआयरॅक चक्रातलीच (असे बदल लागू करण्याच्या जगभर ठरलेल्या तारखांतलीच) हवी. माहिती किमान ४२ दिवस आधी पाठवावी लागते, म्हणजे ती २८ दिवस आधी वापरणाऱ्यांच्या हाती पडते. नवा झोन हा मोठा बदल, त्यासाठी ५६ दिवस धरा. एआयपी काढणाऱ्या माहिती सेवेला मसुदा त्याच्याही बराच आधी लागतो.

सुरू झाल्यावर प्रत्येक घुसखोरीची नोंद नकाशावर ठिपक्याने करा. ठिपके सगळीकडे विखुरलेले असतील तर वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडे आणि चार्टकडे वळा. एकाच कोपऱ्यात साचत असतील तर तो कोपरा पुन्हा मोजा, आणि कोणत्याही प्रक्रियेला तो लागत नसेल तर पुढच्या एआयरॅक तारखेला काढून टाका.