बीटीच्या भरवशावर राहू नका, बोंड फोडून बघा

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर (कळ्या-फुलांवर) आली आहे. 2002 मध्ये बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली बीटी कपाशी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची बीजी-2 आली आणि बोंडअळीसाठी शेतात फेरी मारायची आपली सवय मोडली. हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीला हे बियाणे अजूनही बऱ्यापैकी आवरते. गुलाबी अळीने मात्र दोन्ही जनुके पचवली आहेत. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने ते भोगले. पाकिटावर नाव कितीही भारी असो, गुलाबी अळीपुरते आपले वाण साधेच समजा.

हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, आत्ताच लावा. ल्यूर (सापळ्यातले गंधाचे आमिष) गुलाबी बोंडअळीचेच घ्या आणि वेळेवर बदला. रोज सकाळी पतंग मोजा. सलग 3 रात्री सापळ्यात सरासरी 8 किंवा जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली.

पण एकट्या सापळ्यावर विसंबू नका. ही अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. बोंड वरून हिरवेगार, ठणठणीत दिसते. म्हणून आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडे तोडून बांधावर फोडा. टरफलाला आतून बारीक फोड आणि सरकीजवळ अळी, अशी 2 बोंडे निघाली तरी फवारणी लांबवू नका. पाकळ्या चिकटून न उमललेले फूल म्हणजे डोमकळी. ती दिसेल तिथे तोडा आणि अळीसकट नष्ट करा.

सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक नोव्हेंबरआधी नकोच, त्याने पांढरी माशी उसळते. रासायनिक औषध शिफारशीचेच घ्या आणि दोन-तीन औषधे एका पंपात मिसळू नका. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे घातल्याशिवाय कुणाच्याही पाठीवर पंप चढवू नका, मजूर असो की घरचा पोरगा.

विहिरीला पाणी असले की फरदडीचा, म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन तेच पीक पुढे ठेवण्याचा, मोह होतो, तो समजण्यासारखा आहे. पण उभी फरदड अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते आणि शेजाऱ्याचेही रान बिघडवते. डिसेंबरअखेर पीक काढा. शेवटच्या वेचणीनंतर मेंढ्या-बकऱ्या चारा. पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर रचू नका, यंत्राने बारीक करून जमिनीत गाडा.