हमिंगबर्डसाठी लाल फुलं: न्यू जर्सीच्या परसबागेसाठी एप्रिल ते ऑक्टोबरचा सल्ला

न्यू जर्सीत एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की दक्षिणेकडून रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड यायला लागतात. आधी नर, मागून माद्या. वजन जेमतेम 3 ग्रॅम, म्हणजे पाव तोळा. त्यातले बरेच जण मेक्सिकोचं आखात, सुमारे 800 किलोमीटर, एका दमात ओलांडून आलेले असतात. त्या आठवड्यात आपली टोमॅटोची रोपं अजून खिडकीतच असतात, आणि नर्सरीत लाल दिसेल ते उचलायची सगळ्यांना घाई असते.

तिथेच थोडं थांबा. पक्ष्यांना लाल रंग लांबूनही ठळक दिसतो, मधमाश्यांना तो नीट ओळखू येत नाही, म्हणून लाल नळीदार फुलांतला मकरंद पक्ष्यांच्या वाट्याला जास्त येतो. पण रंग ही नुसती पाटी झाली, दुकानात माल हवा. पहिल्या वर्षी मी लाल जिरेनियमच्या आठ कुंड्या ओळीने मांडल्या. पक्षी यायचा, दोन फुलांपुढे थबकायचा आणि निघून जायचा. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचंही बहुधा तसंच होतं. फूल एकेरी, नळीदार, लोंबतं किंवा आडवं असावं. आपल्याकडचा शिंजीर पांगाऱ्यावर बसून मकरंद पितो, हा मात्र हवेत एका जागी थरथरत पितो, त्याला बसायला फांदी लागत नाही.

आता महिन्यांचा हिशेब. पक्षी इथे सप्टेंबरअखेरपर्यंत असतो, तेव्हा फुलांची साखळी तुटता कामा नये.

सुरुवातीला रेड कोलंबाइन. एप्रिलअखेर ते मे फुलतं, झाडांच्या विरळ सावलीत खूश असतं. बी पेरायचं तर शरद ऋतूतच, थंडी लागल्याशिवाय ते नीट रुजत नाही. यंदासाठी तयार रोपच आणा. त्याच्या जोडीला कुंपणावर कोरल हनीसकलचा वेल. घेताना टोकाची पानं बघा: फुलांच्या लगतची पानांची जोडी एकमेकांना चिकटून एकच गोल पान झालेली असते आणि देठ त्यातून आरपार गेलेला दिसतो. पांढऱ्या-पिवळ्या सुवासिक फुलांचा जपानी हनीसकल मात्र आणू नका, तो इथल्या रानात माजलेला उपद्रवी वेल आहे. ट्रम्पेट क्रीपरवर पक्षी तुटून पडतात हे खरं, पण त्याचे धुमारे लांबवर फुटतात. लहान अंगणात तो नकोच.

कोरल हनीसकलच्या कोवळ्या शेंड्यांवर मेमध्ये हमखास मावा पडतो. पाण्याचा जोराचा फवारा मारा, बस. आंतरप्रवाही कीटकनाशक अजिबात नको. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळांतून वर चढतं आणि मकरंदातही उतरतं. रोप विकत घेतानाच विचारा की यावर असं काही वापरलंय का, आणि उत्तर मिळालं नाही तर रोप ठेवून द्या. शिवाय हा पक्षी नुसत्या मकरंदावर जगत नाही. बारीक किडे आणि कोळी तो सतत टिपतो, पिल्लांना तेच भरवतो, आणि मादी घरटं बांधते ते कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी. कुंपणावरची जाळी झाडूने काढायची सवय असेल तर एवढे महिने ती सोडा.

जूनअखेरपासून बी बाम (Bee Balm). पुदिन्याच्या घराण्यातलं असल्याने पानांना वास येतो आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. त्याचा खरा शत्रू भुरी, म्हणजे पानांवर पडणारी पांढरी बुरशी. रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा, पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. ‘जेकब क्लाइन’ हा गडद लाल वाण भुरीला बऱ्यापैकी तोंड देतो. गड्डा दर दोन-तीन वर्षांनी वसंतात खणून विभागायचा. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर दुसरा बहर मिळतो.

ज्यांना भाजीची जागा फुलांना द्यायची जिवावर येते, त्यांनी स्कार्लेट रनर बीन लावावी. घेवड्याच्याच कुळातली, शेंदरी-लाल फुलांची. मेच्या मध्यानंतर, थंडीची भीती सरली आणि माती उबदार झाली की बी टोका, सात-आठ फुटी मांडव द्या. कोवळ्या शेंगांची भाजी होते, पण दाणे मात्र नीट शिजवूनच खायचे. ऐन उन्हाळ्याच्या तडाख्यात फुलं गळतात, पुन्हा गारवा आला की शेंगा धरतात.

जुलै ते सप्टेंबर मात्र कार्डिनल फ्लॉवरला तोड नाही. चिकण, ओल धरणारी माती, जिथे छताच्या पन्हळीचं पाणी उतरतं ती जागा त्याची. तीन-चार फुटी दांड्यावर खालून वर फुलत जातं. जवळून बघा: पाकळ्यांच्या वर एक बारीक वाकडी नळी पुढे आलेली असते, तिच्या टोकाला परागांचा करडा झुपका. पक्षी चोच घालतो तेव्हा तो झुपका बरोबर त्याच्या कपाळावर टेकतो. तेच फूल पुढे जुनं झालं की नळीतून स्त्रीकेसर बाहेर येतं आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या पक्ष्याच्या कपाळावरचे पराग टिपतं. हे झाड पोटात गेलं तर विषारी आहे, लहान मुलांना सांगून ठेवा. हरणं याला खातात, जाळी लावा.

साखरपाण्याची बाटली लावायची तर 1 कप पांढरी साखर, 4 कप पाणी. गूळ, मध, ब्राउन शुगर, लाल रंग काही नको. बाटली सावलीत टांगा, कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुवून पाणी बदला. एवढी देखभाल होणार नसेल तर बाटली न लावलेलीच बरी, फुलं पुरेशी आहेत. बाटली ठेवल्याने पक्षी दक्षिणेला जायचा थांबत नाही, तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहू द्या. उशिरा निघालेल्यांना उपयोग होतो.

घरात थंडीभर सांभाळलेली लाल जास्वंद रात्रीचं तापमान 50 अंश फॅरनहाइटच्या वर टिकू लागलं की बाहेर काढा. गणपतीचे दिवस आणि पक्ष्यांचा परतीचा प्रवास बहुतेकदा एकाच सुमारास येतो. पूजेला फुलं खुडताना दोन-चार झाडावर ठेवा.

ऑक्टोबरमध्ये पानगळीचा पाचोळा वाफ्यांवर पसरतो, तेव्हा कार्डिनल फ्लॉवरच्या बुंध्याशी जमिनीलगत पसरलेली हिरवी पानं मोकळी ठेवा. पुढच्या वर्षीचं झाड त्यातूनच उठतं, आणि पाचोळ्याखाली ती कुजतात.