बंकर (जहाजाचे इंधन) घेण्यापूर्वी व्हेंटची जाळी पाहावी

जहाजाच्या फ्युएल ऑइल टाकीत पंपाने तेल चढू लागले की तेवढीच हवा व्हेंट पाइपमधून बाहेर पडावी लागते. ती अडली तर दाब वाढून टाकीच्या प्लेटा फुगतात, आणि तेल उपसताना हवा आत आली नाही तर त्याच प्लेटा आत ओढल्या जातात. म्हणूनच अशा टाकीच्या सर्व व्हेंटचे एकत्रित क्षेत्रफळ भरणाऱ्या पाइपच्या क्षेत्रफळाच्या किमान १.२५ पट असावे, असा क्लासचा, म्हणजे जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा, नियम आहे. १९६६ च्या लोड लाइन करारानुसार (जहाज किती खोलवर भरावे याची मर्यादा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) व्हेंटची उंची फ्रीबोर्ड डेकवर, म्हणजे सहसा मुख्य डेकवर, किमान ७६० आणि त्यावरच्या बांधकामाच्या म्हणजे सुपरस्ट्रक्चर डेकवर किमान ४५० मिलिमीटर असावी लागते.

कागदावर हे सारे चोख असते. घोळ होतो तो बहुधा रंगकामात. व्हेंट हेड, म्हणजे पाइपच्या तोंडावरची टोपी, उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर आग आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या बारीक तारेच्या जाळीची छिद्रे रंगाने बुजलेली आढळतात, आणि मग क्षेत्रफळाचा तो हिशेब व्यर्थ ठरतो. जाळी साफ करावी किंवा बदलावी. फ्लोट (लाटेचे पाणी आत शिरू नये म्हणून हेडमध्ये बसवलेला तरंगता भाग) हाताने उचलून सोडावा, तो न अडखळता खाली यायला हवा. रंगवताना गुंडाळलेले प्लास्टिक काढले आहे ना, हेही (हसू नये) तपासावे. व्हेंटखालच्या ट्रेमधील पावसाचे पाणी काढून बूच घट्ट बसवावे.

पंपिंग सुरू होताच, वारा पाठीशी आणि चेहरा दूर ठेवून, व्हेंटपाशी तळहात धरावा. हवेचा झोत जाणवला नाही तर पंपिंग ताबडतोब थांबवावे.