भाजीचं पाणी आटलं की मगच अंडी

कर्बोदकं कमी करायची म्हणून मिसळीबरोबरचा पाव टाळायचा असेल तर सकाळी बिडाच्या तव्यावर भाजी-अंडी करा. एका अंड्यात कर्बोदकं 1 ग्रॅमहूनही कमी, प्रथिनं साधारण 6 ग्रॅम. चमचाभर तेलात ढबू मिरची, कोबी, मूठभर मेथी मोठ्या आचेवर परता. मीठ आत्ता नको, कोबी पाणी सोडतो आणि सगळं गिळगिळीत होतं. कडा तांबूस झाल्या की आच मंद करून अर्धा चमचा चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला. मोठ्या आचेवर तो करपतो आणि घरभर ठसका. खळगे करून 2 अंडी फोडा, 3-4 मिनिटं झाकण. चटणीत मीठ असतंच, चव बघून वरून भुरभुरा. बटाटा? नकोच.